बोलोन्यात गेले आणि निवडणूक बघून आले

इटलीत जाऊन लोक कोलोसियम बघतात, व्हेनिसला नावेत बसून फोटो काढतात, आणि मी बोलोन्यात निवडणुकीचे बोर्ड वाचत फिरले. जानेवारी २०२० ची गोष्ट. धाकटा मावसभाऊ तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, थंडीतली तिकिटं स्वस्त मिळाली, एवढंच निमित्त. पण नेमकी २६ तारखेला एमिलिया-रोमान्याच्या, म्हणजे बोलोन्या ज्या रीजनमध्ये येतं तिथल्या, रीजनल काउन्सिलची निवडणूक निघाली. रीजन म्हणजे ढोबळमानाने आपलं राज्य समजा, इटलीत असे २० आहेत, अधिकार आपल्या राज्यांपेक्षा कमी पण हॉस्पिटलं वगैरे सगळा आरोग्याचा कारभार त्यांच्याकडेच.

पहिल्यांदा तर निवडणूक आहे हेच कळेना! ना भोंगा, ना रिक्षावरचं गाणं, ना चौकाचौकात हात जोडलेले फ्लेक्स. फुटपाथच्या कडेला पत्र्याचे उभे बोर्ड ठोकलेले, त्यावर चौकोन आखून नंबर टाकलेले, ज्याला जो नंबर मिळाला त्याने तिथेच पोस्टर चिकटवायचं. अर्धे चौकोन रिकामेच. एका ठिकाणी जुन्या पोस्टरचा कोपरा सुटून खालचे तीन-चार थर दिसत होते, म्हणजे पत्रा तोच, माणसं बदलतात.

भाऊ जिच्याकडे भाड्याने राहायचा ती सिन्योरा सत्तरीच्या पुढची, बोलायला एकदम मोकळी, मला बघितलं की आधी तोर्तेलीनीचं गरम सूप समोर ठेवायची (मांसाचं असतं, शाकाहारी लोकांनी जपून). ती म्हणाली, आमच्याकडे निवडणूक म्हणजे नुसती सही करायची, निकाल काय तो माहीतच असतो. खरंच आहे ते. १९७० ला रीजनच्या पहिल्या निवडणुका झाल्या तेव्हापासून इथे डावेच. बोलोन्या शहरात महायुद्धानंतर फक्त एकदा, १९९९ ला, महापौरपद त्यांच्या हातून गेलं आणि तेही कोणाकडे, तर ग्वात्सालोका नावाच्या खाटकाकडे. बरं, ठरलेलंच आहे म्हटल्यावर कोण जातंय मत द्यायला, २०१४ ला रीजनमध्ये मतदान झालं ३७.७ टक्के. डाव्यांच्या बालेकिल्ल्यात! नेत्तुनोच्या चौकात नगरपालिकेच्या भिंतीवर महायुद्धात नाझी-फॅसिस्टांशी लढताना मेलेल्या पार्टिझान लोकांचे दोन हजारांवर छोटे छोटे फोटो लावलेत, काचेआड, एकेक चेहरा बघत गेलं तर तास जातो. ती भिंत असलेल्या रीजनमध्ये ३७ टक्के, मला तर पटेचना.

पण यावेळी हवा वेगळी होती. मे २०१९ च्या युरोपियन निवडणुकीत याच रीजनमध्ये मात्तेओ साल्विनी या उजव्या नेत्याचा पक्ष लेगा पहिल्या नंबरवर आला होता, त्यामुळे गडी जोरात. उमेदवार लुचिया बोर्गोन्झोनी, पण तिच्यापेक्षा साल्विनीच जास्त दिसायचा. समोर डाव्यांचा, रीजनचा आधीचाच प्रेसिडेंट (आपला मुख्यमंत्री समजा) स्तेफानो बोनाचिनी, दाढी आणि जाड फ्रेमचा चष्मा. १४ नोव्हेंबरला साल्विनीने प्रचाराचा नारळ फोडला तो इथल्या एका इनडोअर स्टेडियममध्ये, तर चार तरुणांनी म्हटलं की त्याच्यापेक्षा जास्त माणसं आपण चौकात उभी करू, झेंडा नाही पक्ष नाही, नुसतं डब्यातल्या सार्डिनसारखं खेटून उभं राहायचं. सार्डिन म्हणजे आपली तारली हो. ते सगळ्या इटलीत पसरलं. १९ जानेवारीच्या त्यांच्या मोठ्या सभेला आम्हीपण गेलो, हजारो माणसं, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा मासा, एका पोराने तर पिझ्झाच्या खोक्यातून कापलेला, शेपटीवर तेलाचा डाग तसाच. दोनच दिवसांनी साल्विनीने पिलास्त्रो नावाच्या वस्तीत कॅमेरे घेऊन जाऊन एका ट्युनिशियन कुटुंबाच्या घराची बेल वाजवली आणि इंटरकॉमवर विचारलं, तुम्ही ड्रग्स विकता का! टीव्हीवर दिवसभर तेच. सिन्योरा एवढी भडकली की भाऊ म्हणाला, ताई, आज जेवायला बाहेर जाऊया.

रविवारी सकाळी सिन्योरासोबत शाळेच्या फाटकापर्यंत गेले, आत अर्थातच नाही. तिथे बोटाला शाई लावत नाहीत, मतदार कार्डावर शिक्का मारतात, कार्डावर १८ चौकोन असतात, भरले की नवीन घ्यायचं. मोबाईल बाहेर ठेवायचा. मशीन नाही, कागद आणि खास न खोडता येणारी पेन्सिल. काउन्सिलच्या उमेदवाराला पसंती द्यायची तर त्याचं आडनाव स्वतःच्या हाताने लिहायचं, दोन नावं लिहायची तर एक बाई आणि एक पुरुष पाहिजे, नाहीतर दुसरं बाद. आणि प्रेसिडेंट एका आघाडीचा, पक्ष दुसऱ्याच आघाडीचा असं मतपण चालतं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. प्रेसिडेंट लोक थेट निवडतात, दुसरी फेरी नाही, आणि जो जिंकेल त्याच्या आघाडीला ५० पैकी निदान २७ जागा मिळतीलच अशी सोय कायद्यातच. प्रेसिडेंटने राजीनामा दिला की काउन्सिलपण बरखास्त, परत लोकांकडे जा. आम्ही दोनच महिन्यांपूर्वी, २३ नोव्हेंबरला, डोळे चोळत पहाटेचा शपथविधी टीव्हीवर बघितलेली माणसं, मला हे ऐकून काय वाटलं असेल ते महाराष्ट्रातल्यांना सांगायला नको. अर्थात अशी फुकटची बोनस जागा देणं कितपत बरोबर, यावर भावाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

दुपारी १२ चा आकडा आला तोच गेल्या वेळच्या दुपटीच्या वर. रात्री ११ ला मतदान संपलं तेव्हा ६७.७ टक्के! बोनाचिनी ५१.४, बोर्गोन्झोनी ४३.६. फाईव्ह स्टार नावाच्या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला साडेतीन टक्के पण त्यांच्या यादीला पावणेपाच, म्हणजे त्यांच्यातल्याच काहींनी पेन्सिल फिरवताना प्रेसिडेंटसाठी दुसरीकडे फुली मारली. त्याच दिवशी खाली कालाब्रियात मात्र उजव्यांची योले सान्तेल्ली आरामात निवडून आली, त्यामुळे देशभर डाव्यांची लाट वगैरे काही नव्हतं.

२०२४ मध्ये बोनाचिनी युरोपियन पार्लमेंटवर गेला आणि परत निवडणूक लागली, नोव्हेंबरची १७ आणि १८. डाव्यांचा मिकेले दे पास्काले जवळपास ५७ टक्क्यांनी आला. मी भावाला फोन केला, म्हटलं यावेळी किती झालं मतदान? रविवार-सोमवार दोन दिवस ठेवूनसुद्धा ४६ टक्के. म्हणाला, ताई, येणार कोण ते सगळ्यांना माहीतच होतं ना.