तंबूबाहेरचा गवा

शिकागोहून सिअ‍ॅटलला बिऱ्हाड हलवताना आम्ही गाडीनंच निघालो. दुसरा मुक्काम साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये, सेज क्रीकच्या तंबूतळावर. तिथं तंबू ठोकणं फुकट, पण बुकिंग नाही. आधी येईल त्याची जागा. म्हणून सू फॉल्स सकाळी लवकर सोडायचं ठरलं होतं. निघेपर्यंत अकरा वाजले.

आय-९० महामार्ग सरळसोट, ताशी ८० मैलांची मुभा. मिसुरी नदी ओलांडली आणि मर्डोच्या पुढे वेळेचा पट्टा बदलून घड्याळ एक तास मागे गेलं. बायको म्हणाली, "बघ, उशीर भरून निघाला!" तो तास आम्ही वॉल नावाच्या गावात डोनट खाण्यात घालवला. १९३१ साली हस्टेड दांपत्यानं इथलं औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा हमरस्त्यावर फुकट थंड पाण्याच्या पाट्या लावल्या. त्या पाट्या अजून माणसं ओढतात. आम्हीही ओढले गेलो. एक बरं झालं, सेज क्रीकला पाणी नसतं हे तिथं आठवलं आणि दोन कॅन भरून घेतले.

पुढचा रस्ता खडीचा. पोहोचलो तर आडोशाच्या जागा गेलेल्या, आणि वारा असा की तंबू उघडताक्षणी पतंग झाला. पहिल्या दोन खुंट्या कडक मातीत वाकल्या. शेवटी गाडी वाऱ्याला आडवी लावली, लेकीला तंबूवर चक्क झोपवलं आणि वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी ठोकले. हे आधी सुचलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

पार्कात शेकोटीला बंदी आहे. सगळीकडे वाळकं गवत. मार्शमॅलो तसेच खाल्ले. गॅसवर छोट्या कुकरात खिचडी लावली. पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतले आजोबा दचकून बाहेर आले. त्यांनाही वाटीभर दिली.

पहाटे कापडापलीकडे गवत उपटल्याचा आवाज आला, कर्र कर्र, मग एक लांब फुसकारा. चेन दोन बोटं उघडली. बायसन! दाजीपूरचे गवे मी लांबून पाहिलेत. हा पंधरा पावलांवर, दाढीला काटेकुसळं अडकलेली. बायसनपासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे. मागे सरकायला आमच्याकडे होतं एक गादीभर अंतर.

"बाबा, मला शू लागलीय," लेक कुजबुजली.

संडास त्याच्या पलीकडे होता. पाऊण तास तो चरत राहिला.