आधी झारी, मग कात्री

बोन्सायचं वेड लागलेला परदेशी माणूस ओळखायला सोपा. तो झाडाचा शेंडा बघतच नाही. कंबरेत वाकून कुंडीच्या काठाशी डोळे नेतो आणि खोड मातीतून बाहेर येतं तिथली मुळं आधी न्याहाळतो.

ही मंडळी हमखास भेटतात ती टोकियोजवळच्या ओमियात. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले मोकळी जागा शोधत इथे आले आणि १९२५मध्ये त्यांचं गावच वसलं. पहिलं जागतिक बोन्साय संमेलनही १९८९ साली इथेच भरलं.

काहींचं नुसतं बघून भागत नाही, ते सरळ शागिर्दी पत्करतात. अमेरिकेचा रायन नील जपानचे बोन्साय-उस्ताद मासाहिको किमुरांकडे सहा वर्षं राबला. या धंद्यात म्हणतात की पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. हौशी पोरगा फांद्या वळवायची तार आणि कात्री यांची स्वप्नं घेऊन येतो नि त्याच्या हातात येते झारी. उथळ कुंडी, मूठभर माती. पाइनला बेतानं, मेपलला सढळ. पाऊस पडला म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. दाट पानोऱ्यावरून पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं आणि आत माती कोरडी ठणठणीत! पुढे बढती मिळालीच तर चिमट्यानं पाइनच्या जुन्या सुया उपटायच्या, एकेक करून. (आपल्याकडे एवढ्यात कुणीतरी घरी फोन केला असता.)

झाडंही परदेशी गेली. १९७६मध्ये जपाननं अमेरिकेला त्रेपन्न बोन्साय भेट दिली. त्यातला मासारू यामाकी या बोन्सायवाल्यांचा पाइन १६२५पासून जोपासलेला. २००१मध्ये त्यांचे नातू तो बघायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना कळलं की हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या दिवशी हे झाड यामाकींच्या आवारात, भिंतीच्या आडोशाला होतं. यामाकी देताना याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते.

मला कौतुक वाटतं ते नीलच्या परतण्याचं. ओरेगॉनला जाऊन त्यानं जपानी झाडांची नक्कल मांडली नाही. आपल्याच मुलखातले पाँडेरोसा पाइन आणि जुनिपर हाती घेतले. सहा वर्षं दुसऱ्याच्या घरी राबून शेवटी स्वतःचा डोंगर दिसायला लागला, तर शागिर्दी फळली म्हणायची.

बाकी हौशी लोकांच्या खिशावर डोळा ठेवून ‘बोन्सायचं बी’ विकणारेही आहेत. ते पाकीट घेऊ नका. पाइनचं बी पेरलं तर पाइनच उगवतो, आणि मोकळा सोडला तर घराच्या वर जातो.