अकरावरून दहावर परतायचंय? आधी डोंगल तपासा

विंडोज ११ काढून पुन्हा १० टाकायचं काम एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर तासाभरात उरकतं. घोळ होतो तो त्याआधी. ज्या कारणासाठी मागे जायचं, ते कारण मागे गेल्यावरही तसंच राहतं, आणि डेटा पुसून झाल्यावर हे लक्षात येतं.

‘मशीन स्लो झालं’ ही नेहमीची तक्रार. रॅम ४ जीबी आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर दहावरही तेच रडगाणं. आधी एसएसडी टाका, रॅम ८ करा. आणि आपल्या सोलापूरची गोष्ट वेगळीच. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात ऑफिस मागांना लागून असतं. सुताचे बारीक तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या जाळीत नमदा बसल्यासारखे जमतात. त्यात इथला मे महिना. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो. मागचं झाकण उघडून ब्रश मारला तर अकराच पुन्हा बरं चालायला लागतं.

दुसरं कारण जास्त खरं आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही लिप्यांचं जुनं सॉफ्टवेअर असतं. ते यूएसबी डोंगलवर चालतं (परवान्याची छोटी किल्ली, ती खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही), आणि अकरा आलं की डोंगल ओळखायचंच थांबतं. इथे फॉरमॅटला हात घालण्याआधी विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं आत जा. तिथलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ जुने ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) अडवतं, आणि कोणता ड्रायव्हर अडवलाय त्याचं नावही बऱ्याचदा तिथेच दिसतं. ते बंद करून रीस्टार्ट करा. सुरक्षा थोडी कमी होते, पण ६४ बिटच्या दहावर चालणारा डोंगलचा ड्रायव्हर बहुधा अकरावरही चालतो.

ड्रायव्हर फक्त ३२ बिटचाच असेल तर मात्र ६४ बिटचं दहा टाकून काहीही साधत नाही. ३२ बिटचं दहाच लागतं (अकरा ३२ बिटमध्ये निघालेलंच नाही), आणि त्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करणारा सीएसएम मोड हवा. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो काढून टाकलाय. तेव्हा त्या कामाला एखादा जुना डेस्कटॉप बाजूला ठेवणं परवडतं.

एवढं पाहूनही परतायचंच असेल, तर सोपा रस्ता आधी. दहावरून अकरावर अपग्रेड करून १० दिवस झाले नसतील, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. फायली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम जातात. हे सगळं सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरवर चालतं, त्यामुळे जागा मोकळी करायच्या नादात ते उडवलं असेल तर रस्ता बंद. लॅपटॉप अकरासकटच विकत घेतला असेल तर हा पर्याय मुळातच नाही.

मग कोरं इन्स्टॉलेशन. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दहाचं मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. त्यावरचं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या पेनड्राइव्हवर लॅपटॉपच्या मॉडेलचे दहासाठीचे ड्रायव्हर घ्या, त्यात वायफायचा आणि स्टोरेजचा आधी. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलला दहाचे ड्रायव्हरच नसतील तर इथेच थांबा. टचपॅड, आवाज, झोपेतून उठणं, काहीतरी कायमचं लंगडं राहील.

बॅकअप घेताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सवर भागवू नका. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बऱ्याचदा तिसऱ्याच फोल्डरमध्ये असतो. टॅली उघडून डेटाचा मार्ग पाहून घ्या आणि लायसन्स सरेंडर करून ठेवा. डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ती मागू शकतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर दहाचा सेटअप डिस्क निवडायच्या पानावर येतो आणि यादी कोरी दिसते. एसएसडी मेलेली नसते. ती इंटेलच्या व्हीएमडी या स्टोरेज कंट्रोलरच्या मागे असते आणि दहाच्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. त्यासाठीचा इंटेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. मात्र तो सोडवलेला (एक्स्ट्रॅक्ट केलेला) फोल्डर हवा, नुसती सेटअपची एक्झी फाइल तिथे चालत नाही. नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. एसरच्या बऱ्याच मॉडेलवर तो पर्याय लपलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतो. व्हीएमडी बंद केल्यावर आधीचं अकरा बूट होत नाही, म्हणून बॅकअप आधी.

बूट मेनूसाठी डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. लाइट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. एडिशनचा प्रश्न आलाच तर ‘होम सिंगल लँग्वेज’ आहे का पाहा. भारतात विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तीच असते आणि तिची ॲक्टिव्हेशन की बायोसमध्येच कोरलेली असते. भलतीच एडिशन निवडली तर ॲक्टिव्हेशन होत नाही.

सुरू झाल्यावर वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. अपडेट करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका. मराठी, कन्नड, तेलुगू फोनेटिक कीबोर्ड २०१९च्या मे अपडेटपासून दहातच आहेत, वेगळं काही उतरवू नका.

दहाचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ जाहीर झाली. त्या नोंदणीला दहाची शेवटची, २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, लोकल खात्यावर भागत नाही. आणि फक्त डोंगलसाठी ठेवलेलं मशीन असेल तर त्याचं वायफाय बंदच ठेवा. पत्रिकांच्या फायली पेनड्राइव्हने न्या, तो आधी अकराच्या मशीनवर स्कॅन करून.