कान पिळणाऱ्या भावाच्या हातात कॅमेरा नको

ताईचं लग्न ठरलं आणि केळवणं सुरू व्हायच्या आधीच घरात फोटोंचा विषय निघाला. माझ्याकडे बरा कॅमेरा आहे, गडांवर आणि वारीत मी वर्षानुवर्षं फोटो काढत आलोय. त्यामुळे काकांनी सरळच सांगितलं, "घरचा पोरगा असताना बाहेरच्याला पैसे कशाला? त्यात पंगतीला आणखी एक गोड होईल."

मी नाही म्हणालो. वधूच्या भावाला लग्नात स्वतःची कामं असतात. लाजाहोमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या मी घालणार, नवरदेवाचा कान मी पिळणार, झाल देताना आईच्या शेजारी मी उभा असणार. त्या वेळी माझ्या डोळ्याला कॅमेरा लागलेला असेल, तर त्या फोटोत भाऊच नाही. हाच न्याय मामेभावाला आणि कॅमेरा असलेल्या प्रत्येक नातेवाइकाला लागतो. लग्नघरातल्या माणसाला लग्नात असू द्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. बाबांना हे पटलं आणि फोटोग्राफर शोधायचं काम माझ्याकडे आलं.

लग्न कोल्हापुरात, डिसेंबरात, गोरज मुहूर्तावर. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची गर्दी होते आणि चांगले फोटोग्राफर आधीच गुंतलेले असतात, म्हणून कार्यालय ठरल्याबरोबर मी फोनाफोनी सुरू केली. आम्हाला ६० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत आकडे ऐकायला मिळाले. एवढा फरक का, हे खोदून विचारावं लागलं. कुणाच्या आकड्यात एकच माणूस फोटो आणि व्हिडिओ दोन्ही बघणार होता. कुणी स्टेजवरच्या फोटोंसाठी एक, कँडिडसाठी, म्हणजे नकळत टिपायच्या फोटोंसाठी, दुसरा आणि व्हिडिओला तिसरा धरला होता. कुणाचा अल्बम वेगळा, कुणाचा आदल्या दिवशीच्या हळदीचा खर्च वेगळा, आणि १८ टक्के जीएसटी आत की बाहेर हे विचारल्याशिवाय कुणीच सांगत नव्हतं.

इन्स्टाग्रामवर सगळ्यांचीच कामं देखणी दिसतात. वेगवेगळ्या लग्नांतला एकेक सुंदर फोटो बघून निर्णय घेता येत नाही. मी प्रत्येकाला एकच गोष्ट मागितली : कार्यालयातल्या, संध्याकाळच्या मुहूर्ताच्या एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काहींनी विषय बदलला. ज्यांनी दाखवले, त्यांच्यात कोण काय हे लगेच कळलं.

संध्याकाळच्या कार्यालयातला उजेड फार अवघड असतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. खिडकीतून निळसर उजेड येतो, माळांचे बल्ब पिवळे, स्टेजवर पांढरे एलईडी. त्यात हळद लागलेला चेहरा आणि कपाळावर मुंडावळ्यांची सावली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर जलद ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. शटर सावकाश ठेवलं तर हवेतल्या अक्षतांच्या नुसत्या रेघा दिसतात. मी हा प्रश्न मुद्दाम सगळ्यांना विचारला. आम्ही ज्यांना ठरवलं, ते दादा म्हणाले, "आदल्या दिवशी येऊन कार्यालयाचे दिवे लावून बघतो. दोन कोपऱ्यांत स्टँडवर फ्लॅश लावीन, मग स्टेजच्या दिव्यांवर अवलंबून राहावं लागत नाही." आणि ते खरंच आदल्या दिवशी आले.

कॅमेऱ्यात दोन कार्ड असतात का, हेही मी विचारलं. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरला पाहिजे, कारण कार्ड कधीही दगा देऊ शकतं आणि सप्तपदी पुन्हा चालायला लावता येत नाही. त्यांच्याकडे तशी सोय होती. घरी जाण्याआधी सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायची त्यांची पद्धतही होती.

मग करार. त्यांनी दिलेला कागद बाबांनी आणि मी बसून वाचला. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक काम सांगणारा असतो, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. बऱ्याच छापील करारांत वेगळं लिहिलेलंच असतं. यांच्याही कागदात जाहिरातीसाठी फोटो वापरण्याचं एक वाक्य होतं. ताईला ते नको होतं. "विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकायचे नाहीत" असं आम्ही सुचवलं आणि त्यांनी हसत सही केली. स्वतः कोण येणार, पैसे कोणत्या टप्प्यांत द्यायचे, अल्बम किती पानांचा आणि कधी मिळणार, हेही लिहून घेतलं.

लग्नाच्या आठवड्यात ते घरी आले आणि आईसोबत बसले. आमच्याकडे देवक कसं बसवतात, गौरीहराशी ताई किती वेळ बसेल, रुखवत कुठे मांडणार, हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं. आजीला गुडघ्यांमुळे स्टेज चढता येत नाही, हे आईने सांगितल्यावर त्यांनी तिचे सगळे फोटो खाली, तिच्या खुर्चीपाशीच घ्यायचं ठरवलं. दोन्हीकडची माणसं ओळखायला माझी चुलत बहीण त्यांच्यासोबत राहणार होती.

प्रत्यक्ष लग्नात त्यांचं कसब दिसलं ते अंतरपाटाच्या वेळी. गुरुजींना त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं की पाट कोणत्या बाजूने ओढणार. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तेव्हा ते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोघांचेही चेहरे दिसतील अशा ठिकाणी गुडघ्यावर बसलेले होते, आणि त्यांचा जोडीदार ताईच्या मागे उभ्या मामाच्या खांद्याशी. त्या क्षणी समोरच्या पाहुण्यांचे मोबाईल वर गेले. मागे उभा राहणाऱ्याला नुसते हातच दिसले असते. अंतरपाट सरकला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळं दोन-तीन सेकंदांत संपलं. ती नजर आमच्याकडे आहे, हवेत थांबलेल्या अक्षतांसकट.

एकदाही त्यांनी "गुरुजी, जरा थांबा" म्हटलं नाही. विधी थांबवून फोटो काढायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि गुरुजींनी नंतर त्याचं कौतुकही केलं. लाजाहोमाला धूर भरला तेव्हा त्यांनी व्हिडिओवाल्याला समोरचा दिवा बंद करायला लावला, कारण समोरून उजेड पडला की धुराची पांढरी भिंत होते. त्या फोटोत आगीच्या उजेडात तिघांचे हात आहेत. ताईची ओंजळ, तिला खालून आधार देणारा जिजाजींचा हात आणि लाह्या सोडणारा माझा. हा फोटो मी कधीच काढू शकलो नसतो.

अल्बमची निवड मात्र घरच्यांनी मनापासून वेळ देऊन करावी लागते. आम्ही १२ बाय ३६ इंचांचा करिझ्मा (जाड छापील पानांचा) अल्बम ठरवला होता, आणि हजारोंतून शे-दीडशे फोटो वेचताना बाबांना प्रत्येक पाहुणा हवा होता, ताईला चेहऱ्यावरचे भाव. शेवटी जाड पानांच्या अल्बममध्ये विधी आणि माणसं घेतली, बाकीचे फोटो दोन पेनड्राइव्हवर ठेवले, एक आमच्याकडे आणि एक तिच्या सासरी. काकांनी अल्बम दोनदा पाहिला. आजीच्या खुर्चीपाशी सगळी भावंडं जमलेला फोटो त्यांनी मोठा करून मागितला, त्याचे पैसेही स्वतः दिले.

येत्या वैशाखात काकांच्या मुलीचं लग्न आहे. आमच्या कराराची प्रत आणि फोटोग्राफरला विचारायच्या प्रश्नांचा कागद मी त्यांच्याकडे दिलाय. तिथेही मी पाठीराखा आहे, त्यामुळे कॅमेरा घरीच राहील.