शिकागो: आगीच्या आणि पाण्याच्या जागा पाहताना

लेकीकडे शिकागोला गेलं की विलिस टॉवर आणि 'बीन' नावाचं चकचकीत शिल्प पाहून होतातच. ते झाल्यावर एका मंगळवारी तिने रजा काढली आणि आम्ही दोघी या शहरातल्या मोठ्या दुर्घटनांच्या जागा पाहायला निघालो.

ब्लू लाइन मेट्रोच्या क्लिंटन स्टेशनवरून दक्षिणेला थोडं चाललं की डिकोव्हेन स्ट्रीट. 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री इथे ओ'लिअरींच्या गोठ्यात आग लागली. सुमारे 300 माणसं गेली, लाखभर बेघर झाली. गाईने कंदील लाथाडला ही कहाणी पुराव्याशिवाय चालत राहिली आणि 1997 मध्ये नगर परिषदेने कॅथरीन ओ'लिअरींना रीतसर निर्दोष ठरवलं. एका गरीब बाईच्या नावावर सव्वाशे वर्षं हा डाग! आता तिथे अग्निशमन दलाची प्रशिक्षण संस्था आहे, बाहेर ज्वाळांचं शिल्प.

पण वेळ राखून ठेवा तो रँडॉल्फ स्ट्रीटसाठी. आजच्या नेडरलँडर थिएटरच्या जागी इरोक्वॉय थिएटर होतं, 'आगीपासून पूर्ण सुरक्षित' अशी जाहिरात केलेलं. उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. 30 डिसेंबर 1903, नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ, प्रेक्षागृहात बायका-मुलंच जास्त. दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला. आग अडवणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला. काही दारं कुलूपबंद, काही आत उघडणारी, काहींच्या कड्या कुणाला उघडता येईनात. 602 बळी.

मागच्या बाजूला काउच प्लेस नावाची गल्ली आहे. तिथे नक्की जा, ट्रक मागेपुढे करत असतात तेवढं सांभाळा. वर बघत उभी राहिले तेव्हा समोरची भिंत किती जवळ आहे ते कळलं. पलीकडच्या इमारतीतल्या रंगाऱ्यांनी खिडकीतून फळ्या टाकून काही जणांना ओढून घेतलं होतं. बाकीचे या गल्लीत पडले. माझे पाय तिथून निघेनात.

त्या खेळाला यायचा राहून गेलेला कार्ल प्रिन्झलर हा हार्डवेअरवाला पुढे आतून ढकलताच उघडणाऱ्या दाराच्या मागे लागला. त्यातून 1908 च्या सुमारास आडव्या दांड्याचं दार बाजारात आलं. दुपारी आम्ही जेवलो त्या उपाहारगृहाच्या मागच्या दाराला तोच दांडा होता, मधला रंग हातांनी झिजलेला. लेक म्हणाली, "आई, ऑफिसात रोज ढकलते गं मी हा."

इरोक्वॉयच्या आगीचं स्मृतिशिल्प सिटी हॉलमध्ये, लासाल स्ट्रीटच्या दाराशी आहे. शनिवार-रविवारी इमारत बंद असते, म्हणून कामाचा दिवस निवडा.

तिथून नदी चालत गाठता येते. क्लार्क आणि लासाल यांच्या मध्ये दक्षिण काठावर 24 जुलै 1915 च्या सकाळी 'ईस्टलँड' बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे कामगार घरच्यांना घेऊन सहलीला निघाले होते. बोट मुळातच वरून जड होती, त्यात 'टायटॅनिक'नंतरच्या नियमांमुळे जीवरक्षक होड्या वाढवल्या होत्या. पाणी वीसेक फूट, काठ हाकेवर, तरी 844 माणसं गेली. 22 कुटुंबांत मागे कुणीच उरलं नाही.

रिव्हरवॉकवर उतरायला पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर उतार शोधा. वारा बोचरा असतो, शाल किंवा जाकीट जवळ ठेवा. आम्ही काठावर बसलो तेव्हा समोरून प्रवाशांनी भरलेली बोट गेली. वरच्या मजल्यावरची पोरं हात हलवत होती, लेकीने उठून त्यांना हात केला.