वाकडा चर

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारवर आणि त्या दुष्काळी गावाचा कायापालट घडवणाऱ्या पोपटराव पवारांवर इतकं लिहिलं गेलंय की मी वेगळं काय सांगणार? १९९४ पासून आदर्श गाव योजनेतलं गाव. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीला बोअरचं पाणी नाही, ऊस नाही, केळी नाही. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरवतात. आमच्या सोसायटीत टँकरच्या बिलावरून कॉलर धरतात, ते आठवलं. गाव बघायला गेलेल्या आमच्या गटानं उरलेला दिवस फोटो काढण्यात घालवला. त्यात मीही होतो.

फजिती झाली दुसऱ्या दिवशी, जवळच्याच एका उघड्याबोडक्या गावात. माळावर सलग समतल चर खणायचे होते, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे, पावसाचं पाणी अडवून जिरवणारे. पर्यावरणशास्त्राची पदविका चालू असल्यानं समपातळी रेषा मी संगणकावर शेकड्यांनी काढल्यात, त्यामुळे आखणी आपणहून अंगावर घेतली. साधन म्हणजे ए-फ्रेम : दोन काठ्या, आडवी पट्टी, मध्ये दोरीला टांगलेला दगड. दोरी पट्टीच्या मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. वाऱ्यानं दगड हलत होता. पाच-सहा वेळा तो थांबायची वाट पाहिली, मग कंटाळून नजरेनंच फक्की टाकली. मे महिन्याचं ऊन, मुरमाड जमीन, टिकावाचे ठणके. दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती उताराच्या बाजूला. तासाभरात तळहाताला फोड.

गावातले एक काका बांधावर बसून बघत होते. उठले, माझी पाण्याची बाटली उचलली आणि चरात ओतली. पिण्याचं शेवटचं पाणी होतं ते! थोडं मुरलं, बाकीचं सरळ डाव्या टोकाला पळालं.

"आता पाऊस असता तर हितं साचून फुटला असता," ते टोकाकडे बोट दाखवत म्हणाले, "अन् खाली घळ पडली असती. चर नसता तरी बरं झालं असतं."

राग आला. पाण्याचा जास्त की बोलण्याचा, कोण जाणे. गटातली मंडळी हसत होती, एकानं व्हिडिओही काढला.

तेवढा तुकडा बुजवला. दगड पूर्ण थांबेपर्यंत दर पावलाला उभा राहिलो आणि पुन्हा खणलं. दुपारी मावशींनी पिठलं-भाकरी आणली, तेव्हा भाकरी तोडायलाही बोटं वळेनात.

संध्याकाळी काका परत आले, या वेळी स्वतःची कळशी घेऊन. आधी मला ओंजळभर पाजलं, उरलेलं चरात. ते कुठंच पळालं नाही, जागच्या जागी मुरलं. काका काही न बोलता पुढच्या चराकडे गेले.