राजवाड्यासमोरचे जेवण

साताऱ्याला माझे येणे होते ते बहुधा कासला जाताना, त्यामुळे गावाची ओळख गाडीच्या काचेपलीकडे फारशी गेलेली नव्हती. या खेपेला मात्र मामाकडे मुक्काम होता आणि रात्रीचे जेवण राजवाडा परिसरातच घ्यायचे, हे मी निघण्याआधीच ठरवून टाकले होते.

राजवाडा म्हणजे खरे तर शेजारी शेजारी उभे असलेले दोन वाडे. जुना वाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधला. नवा वाडा १८४४ च्या सुमारास पुरा झाला आणि १८४८ मध्ये संस्थानच खालसा झाले, म्हणजे इतक्या हौसेने उभारलेल्या वास्तूला राजाचा सहवास जेमतेम चार-पाच वर्षांचा लाभला. पुढे जुन्या वाड्यात शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले ते याच शाळेत.

आधी आम्ही जवळच्याच एका वातानुकूलित हॉटेलात गेलो. खिडकीतून राजवाडा दिसेल या आशेने मी वरचा मजला निवडला, पण खिडकीवर बाहेरून जाहिरातीचा फ्लेक्स ताणलेला होता आणि पनीरची भाजी तर कोणत्याही गावची असू शकली असती. "अगं, इथं बसून वाडा दिसतोय का?" असे म्हणत मामाने निम्म्यातच बिल मागवले.

खरे जेवण मागच्या बोळातल्या खानावळीत झाले. जुन्या घराच्या सोप्यातच पंगत होती. खांबाचा दगडी तळखडा पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेला, आणि देवळीत पूर्वी दिवा असेल तिथे आता मिठाची बरणी. अख्खा मसूर, खर्डा आणि तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी. तिचा पापुद्रा उचलला की आतून वाफ निघत होती.

गोड म्हणून अर्थातच कंदी पेढा. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असल्यामुळे तो दाताखाली किंचित रवाळ लागतो आणि साखर मागेच राहते; म्हणूनच मी पांढऱ्या पेढ्याच्या वाटेला जात नाही. पुडा घेऊन आम्ही गोल बागेच्या कठड्यावर बसलो. समोरच्या चौपाटीवर पावभाजीच्या तव्यांचा खडखडाट चालू होता आणि त्यावर अंधारात वाड्याच्या महिरपी नुसत्या रेषांसारख्या दिसत होत्या. मामाने उरलेले दोन पेढे कागदात गुंडाळले आणि सकाळी उजेडात परत येऊ म्हणाला.